गार इंजिनाची अट

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशातली गत. ज्या गाडीला तिच्या उमेदीच्या काळात कुणी कुत्रं विचारत नव्हतं, तसलीच एक गाडी कुठल्याशा लिलावात विकली गेली आणि तिला आजवर कुठल्याच गाडीला आला नव्हता एवढा भाव आला. पेपरात फोटोसकट बातमी होती. धाकटीने चहा पिता पिता ती वाचली, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा फोटो पाहिला. तेच लांबट नाक, तेच वर आलेले दोन दिवे, दोनच माणसं जेमतेम बसतील एवढीशी जागा. अशीच एक तिच्या घरामागच्या शेडमध्ये उभी होती.

धाकटी म्हणजे साठी ओलांडलेली बाई. तिच्यानंतर घरात लहान कुणी जन्मलंच नाही, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलं. आता त्या नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं. जन्मभर तिने चष्म्याच्या दुकानात नोकरी केली. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवायची, काच बदलायची आणि विचारायचं, हे स्पष्ट दिसतंय की ते? दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही, धूसर दिसत असेल तर नंबर बदला. भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की ती म्हणायची, आधी डोळे तपासून घ्या.

गाडी तिच्या दादाची. दादा कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. त्याने ती एका भंगारवाल्याकडून उचलून आणली होती आणि आईने कपाळाला हात लावला होता. सगळा जीव त्या गाडीत. धाकटीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा याच गाडीतून तो तिला रोज सकाळी सोडायचा. पण लगेच निघायचं नाही. थंड इंजिन पळवलं की ते मनात धरतं, असं त्याचं म्हणणं. आधी एकट्याने शेडमध्ये जायचं, इंजिन सुरू करायचं, बॉनेटवर तळवा टेकवून उभं राहायचं. हाताला हवी तेवढी ऊब लागली की मागच्या दाराशी येऊन एकच हाक, "धाकटे, चल, तापली."

त्या सकाळी हाडं गोठवणारा वारा होता. दादा स्वयंपाकघरातून बाहेर पडता पडता मागे वळून म्हणाला, "दार लावून घे, बाहेर गार आहे." तिने दार लावलं. वारा आत येऊ नये म्हणून त्याने शेडचंही दार ओढून घेतलं असणार. धाकटी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली. हाक येईना. शेवटी आई बघायला गेली.

त्याचे हात गार पडले होते आणि गाडी गरम होती.

धुराला वास असतो, त्यातल्या विषाला नसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. माणसाला कळतही नाही, नुसती झोप येते. धाकटीच्या मनात राहिलं ते दुसरंच. दादाच्या गालांवर कधी नव्हे एवढी लाली आली होती. नुकताच खेळून आल्यासारखा दिसत होता. तिला क्षणभर वाटलं, झोपलाय मेला, आणि आपल्याला उशीर होतोय. डॉक्टर म्हणाले, ते त्या वायूनेच होतं.

आईने गाडीची बॅटरी काढून फेकून दिली, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली पलंगाखालच्या डब्यात ठेवली. आणि त्यानंतर चाळीस वर्षं, ऊन असो की पाऊस, चहाच्याही आधी आई शेडमध्ये जाऊन यायची. कशाला जातेस म्हटलं की "बघून येते" एवढंच उत्तर. ताकास तूर लागू द्यायची नाही. धाकटी आपला चहा एकटी प्यायची. गाडीचा राग यायचा तो याचा. आधी तिने भाऊ नेला आणि मग आईसुद्धा नेली, तीही घरात असताना. मेलेल्या मुलाच्या गाडीपुढे जिवंत लेक फिकी पडली, असं तिला वाटायचं आणि ते वाटणं फार दुखायचं.

अगदी शेवटी, पाय उचलेनासे झाले, तेव्हा आई रोज सकाळी तिला सांगायची, जा गं, बॉनेटला हात लावून ये. धाकटी अंगणापर्यंत जायची, वाळत घातलेला टॉवेल उलटा करायची आणि परत यायची. लावला म्हणून सांगायची. "कशी आहे?" आई विचारायची. कशी असणार, आहे तशी आहे. मग आई तिच्याकडे बराच वेळ बघायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. गेल्या हिवाळ्यात आई गेली.

म्हणून पेपरातला तो फोटो पाहिल्यावर धाकटीने लिलाववाल्यांना फोन केला. पैशाची तिला फार हाव नव्हती, एकट्या जिवाला लागतं किती? ती गाडी घरातून जावी, एवढंच तिला हवं होतं.

लिलाववाल्यांनी आपला पारखी पाठवला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, मितभाषी माणूस. हातात पातळ मोजे, खिशात विजेरी आणि दांडीला लावलेला एक छोटा आरसा. दातांच्या डॉक्टरसारखा तो गाडीखाली आरसा घालून बघत राहिला. धाकटीने भिडेखातर फडकं आणलं, तर तो चक्क आडवा आला.

"धूळ पुसू नका, ताई. भाव धुळीलाच आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. चकचकीत करून आणलेल्या जुन्या गाड्या पैशाला पासरी मिळतात. कुणी हातच लावला नाही अशी गाडी एकदाच सापडते, आणि एकदा पुसली की संपली. शौकीन लोक ही धूळ तशीच काचेआड ठेवतात. धाकटीला हसू आलं. काचेवरच्या धुळीपायी तिने उभा जन्म गिऱ्हाइकांना बोलणी ऐकवली होती.

गाडीवर सगळीकडे बोटभर धूळ होती. फक्त बॉनेटवर, मधोमध, तळहाताएवढी जागा स्वच्छ होती, पाचही बोटं उमटलेली. पारख्याने तिकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, आईचा हात. त्याने त्या हाताचे खूप फोटो काढले.

पुढचं काम सुरू झालं तसा तो जरा गोंधळला. एवढी वर्षं उभं असलेलं इंजिन आतून धरतं, महिनाभर तेल मुरवावं लागतं, तेव्हा कुठे हलतं. हे त्याने हँडल लावून फिरवलं आणि ते सहज फिरलं. तेलाची पट्टी बाहेर काढली तर तेल मधासारखं स्वच्छ. टाकी मात्र कोरडी ठाक होती आणि बॅटरीच्या जागी कोळ्याचं जाळं.

"मधे कुणी चालवत होतं का?"

"कशाने? फुंकरीने?" धाकटी म्हणाली.

तो हसला नाही.

आता एक अट उरली होती आणि सगळा भाव तिच्यावर अडून होता. विकत घेणाऱ्यांना गार इंजिन सुरू होताना बघायचं असतं. इंजिनाचे आजार थंडीत बोलतात. आधीच तापवून ठेवलं की खोकला लपतो, धूर लपतो, आणि लबाड विकणारे नेमकं तेच करतात. म्हणून या धंद्यात रीत अशी की कॅमेऱ्यासमोर पारख्याने मोजा काढायचा, उघडा तळवा बॉनेटवर टेकवायचा, "गार आहे" म्हणायचं आणि मगच किल्ली फिरवायची. त्याचा शब्द जगभर चालतो. त्याने नवी बॅटरी बसवली, पेट्रोल घातलं आणि सकाळी लवकर येतो म्हणून सांगून गेला.

सकाळी तो आला. कॅमेरा लावला, मोजा काढला. धूळ मोडू नये म्हणून आईच्या हाताच्या ठशात बरोबर आपला हात ठेवला. आणि तसाच उभा राहिला.

"ताई, तुम्ही गाडी सुरू केली होती का?"

तिला गाडी चालवता येत नाही, हे तिने सांगितलं. त्याने मान डोलावली, पण त्याचा विश्वास बसलेला नव्हता. त्यात त्याची चूक तरी काय? धंद्यात जन्म गेला की माणूस आधी लबाडीच शोधतो. त्याने बॅटरी काढून आपल्या गाडीत ठेवली, घातलेलं पेट्रोल उपसून काढलं आणि निघाला. दुसऱ्या दिवशी आला तर बॉनेट पुन्हा गरम. मग त्याने शेडला स्वतःचं कुलूप लावलं, वर लाखेचा शिक्का मारला. सकाळी शिक्का जशाचा तसा आणि बॉनेट गरम. धुराच्या नळकांड्यालाही ऊब होती. जमिनीवर धुळीत त्याच्या स्वतःच्या बुटांखेरीज एकही नवा ठसा नव्हता.

पालथी बादली घेऊन तो तिच्यावर बसला. मग म्हणाला, की उन्हाने होत असेल म्हणावं तर शेडला खिडकी नाही. जवळ भट्टी नाही, जमिनीखालून पाइप नाही, ते त्याने बघितलं होतं. त्याच्या आवाजात आता संशय नव्हता आणि तेच धाकटीला जास्त खटकलं. लिलावाचा दिवस ठरलेला, गाड्यांची यादी छापून गेलेली. उद्या एकदा बघू, तो म्हणाला, उद्याही असंच असेल तर मला ही गाडी मागे ठेवावी लागेल. खोटं मी बोलणार नाही आणि खरं कुणाला पटणार नाही.

तो गेला. शेडचं दार उघडंच होतं. धाकटी आत आली.

चाळीस वर्षांत तिने त्या गाडीला बोट लावलं नव्हतं. पारख्याने ठेवला होता तिथेच, आईच्या हातात हात द्यावा तसा, तिने आपला तळवा ठेवला.

चटका बसेल असं काही नव्हतं. बेताची ऊब. इतकीच, की त्याहून थोडी कमी असती तर दादा अजून थांबला असता आणि थोडी जास्त असती तर त्याने आधीच हाक मारली असती.

तापली होती.

आईला हे माहीत होतं. कशी आहे, कशी आहे म्हणून आई हेच विचारत होती, आणि आपण टॉवेल उलटा करून परत येत होतो. धाकटी बॉनेटवरच्या आपल्या हातावर कपाळ टेकवून रडली, पोरीसारखी हमसून हमसून रडली. आणि रडता रडताच तिला दुसरी गोष्ट उमजली. आई जन्मात कधी या गाडीत बसली नव्हती. आईसाठी कुणी गाडी तापवत नव्हतं. रोज सकाळी, दुकानाच्या वेळेआधी, दादा गाडी तापवत होता ती धाकटीसाठी. चाळीस वर्षं तो तापवून वाट बघत होता आणि ती आत एकटीने चहा पीत होती.

तिने डावीकडचं दार उघडलं. बिजागरी कुरकुरली नाही. ती आत बसली आणि पिशवी नसलेले हात मांडीवर ठेवले.

शेजारच्या सीटचं चामडं खोल दबलेलं होतं. त्यावर धूळ नव्हती.

"दादा," ती म्हणाली. मग जरा धीर करून बोलली. दुकान कधीच सुटलं रे. मी आता कुठे जात नाही. आई गेली. इथे अंधारात कशाला थांबतोस?

कुठेतरी लोखंडाचा बारीक टकटक आवाज येत होता. तापलेलं इंजिन निवताना येतो तसा.

"ही गाडी नेऊ दे त्यांना," धाकटी म्हणाली. "तू घरी ये."

टकटक थांबली.

पुन्हा एकदा झाली. मग बऱ्याच वेळाने एकदा.

मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारख्याने बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन उचलला. बर्फासारखं होतं. कॅमेऱ्याकडे बघून तो "गार आहे" म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. नव्या बॅटरीवर, नव्या पेट्रोलवर इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. धाकटी तो आवाज ऐकायला थांबली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

गाडी गेली. लिलावात तिने आधीचा उच्चांक मोडला. म्हणे दोन शौकीन शेवटपर्यंत हटेनात, आणि भांडण इंजिनासाठी नव्हतं की नाकासाठी नव्हतं, धुळीतल्या त्या हातासाठी होतं. पारख्याने फोनवर आकडा सांगितला. धाकटीने तो ऐकला, बरं म्हणाली आणि फोन ठेवल्यावर विसरली. आईच्या हाताचा भाव तिला त्याच्या कितीतरी आधी कळला होता.

गाडी गेल्यानंतरच्या पहिल्या थंड सकाळी अंगणभर दव पडलं होतं. शेडच्या दारापाशी मात्र फरशीचा एक तुकडा कोरडा होता. माणूस उभा राहील एवढा. दुसऱ्या दिवशी तसाच तुकडा अंगणाच्या मध्यावर दिसला, वाळत घातलेल्या टॉवेलाच्या खाली. मग मागच्या पायरीवर. धाकटी पायरीवर अनवाणी उभी राहिली. पायांना ऊब लागली.

तिने डोळे तपासून घेतले नाहीत.

त्यानंतर स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीची बैठक रोज सकाळी कोमट असायची. धाकटी दोन कप मांडू लागली. खरं सांगायचं तर इतकी सुखात ती कित्येक वर्षांत नव्हती. चहा एकटीने पिण्याचा शाप सुटला होता. ती दुकानातल्या गमती सांगायची, गिऱ्हाइकांच्या नकला करायची. झोपही गाढ लागायला लागली, इतकी की सकाळी उठवत नसे आणि उठल्यावर डोकं जड वाटे. आता वयही झालं, ती म्हणायची. एकदा तिने खिडकी उघडली तर खुर्चीची ऊब लगेच गेली आणि तिने घाईघाईने ती लावून घेतली. तेव्हापासून ती खिडक्या उघडत नव्हती. फटीत कापडाच्या चिंध्या कोंबल्या.

थंडी संपता संपता पारखी आला. लिलावाच्या पुस्तकातला फोटो त्याने चौकटीत घालून आणला होता, बॉनेटवरच्या हाताचा. एवढी माणुसकी त्याने दाखवली, धाकटीला बरं वाटलं. ती त्याला बस म्हणाली. तो दुसऱ्या खुर्चीकडे गेला, तर तिने पटकन स्टूल पुढे केलं.

गाडी कशी आहे, तिने विचारलं. त्याने जरा आढेवेढे घेतले. नव्या मालकाकडे पोचल्यावर इंजिन जाम झालं होतं. आतून पार गंजलेलं निघालं, वर्षानुवर्षं कुणी फिरवलंच नाही असं. मालकाची तक्रार नव्हती, त्याला कुठे चालवायची होती? त्याला बघायची होती. पण पारख्याला चैन पडत नव्हतं. ते तेल त्याने स्वतःच्या बोटांनी पाहिलं होतं.

बोलता बोलता तो तिच्याकडे बघत होता.

"तब्येत मात्र छान दिसतेय, ताई. गालांवर रंग आलाय."

धाकटीने गालाला हात लावला.

तिला सगळं आठवलं. डॉक्टरांचं बोलणं आठवलं, दादाचा चेहरा आठवला. काचेचा नंबर बरोबर लागावा आणि समोरची अक्षरं एकदम काळी कुळकुळीत दिसावीत, तसं सगळं स्पष्ट दिसलं.

पारख्याने कपाळ चोळलं. डोकं जरा जड झालं, म्हणाला, खोली फार कोंदली आहे. तो उठला. "खिडकी उघडू का?"

धाकटीने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. चाळीस वर्षं थांबला होता बिचारा.

"नको," ती म्हणाली. "जाताना दार तेवढं लावून घ्या. बाहेर गार आहे."

त्याने दार लावून घेतलं. त्याची पावलं अंगणातून लांब गेली. धाकटीने खुंटीवरची डब्याची जुनी पिशवी काढली, मांडीवर घेतली आणि खुर्चीत ताठ बसून राहिली, चाळीस वर्षांपूर्वी दुकानाला निघायच्या आधी बसायची तशी.